जरासं फिनिशिंग

३ फेब्रुवारी, सकाळ

दुकान उघडायला गेलो तर शटरवर कोणीतरी पोस्टर चिकटवलेलं. खळ अजून ओली. शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाचलं. 'तिच्यासाठी एक फ्रेम.' मुलींच्या शिक्षणासाठी फोटोग्राफीचं चॅलेंज. चार विषय, एकामागून एक. ज्याचा फोटो निवडला जाईल त्याच्या नावानं कोणी एक दाता एका मुलीचा शिक्षणाचा खर्च उचलणार. शेवटी टाउन हॉलमध्ये प्रदर्शन.

पोस्टर फाडलं नाही. उलट सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

संध्याकाळ

नाव नोंदवलं. सबंध आयुष्य या धंद्यात गेलं. दुसऱ्याच्या स्टुडिओत केर काढत होतो, आज स्वतःचं शटर आहे. स्वतःची छत्री-लाइट, तीन पडदे (पांढरा, निळा, आणि जिना-बाग-कारंजंवाला), गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट, एक तयार गाठीचा टाय. या गावात असा माणूस नाही ज्याला मी एकदा तरी त्या कोटात घातलेला नाही.

मुख्य परीक्षक कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका बाई. म्हणजे घरचंच काम. त्यांच्या शाळेचे वर्गावर्गांचे ग्रुप फोटो मीच काढायचो. मागच्या वर्षी ते पांढऱ्या बुटांच्या एका पोरगेलेशा फोटोग्राफरकडे गेले. कारण क्षुल्लक. ग्रुपमध्ये बाईंचे डोळे मिटले होते, म्हणून मी एका जुन्या फोटोतलं त्यांचं हसरं डोकं आणून मानेवर बसवलं. जोड कुठे दिसेल तर शपथ. पण जुन्या डोक्याच्या कानात जुनी कुडी होती, आणि ती बाईंची मधल्या काळात हरवलेली. फोटो बघून बाईंनी घरातली सगळी कपाटं उपसली म्हणे.

बक्षीस मिळालं की ते काम परत येईल. पण तो मुद्दा नाही. मुद्दा मुलींचं शिक्षण.

नियमात लिहिलंय, फोटोत कोणताही फेरफार चालणार नाही. अगदी योग्य. फेरफार मलाही पसंत नाही. फिनिशिंग वेगळं.

संकल्प: रोज पहाटे उठून कोवळ्या उन्हात फोटो. चहात एकच चमचा साखर. समोरच्या झेरॉक्सवाल्याशी भांडण बंद.

४ फेब्रुवारी

अलार्म वाजला नाही. माझे कान इतके तिखट की पडद्यामागे गिऱ्हाईक काय कुजबुजतं ते मला इकडे कॅमेऱ्यापाशी ऐकू येतं. तेव्हा दोष घड्याळाचाच.

झेरॉक्सवाल्यानं पाटी लावली आहे: 'पासपोर्ट फोटो, दोन मिनिटांत.' मोबाइलवर काढतो. भिंतीला चादर लावून. भांडलो नाही. फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगितलं की चादरीला सुरकुत्या असतात.

९ फेब्रुवारी

पहिला विषय, हात.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी. शाळेतून आली की आईच्या हातातून इस्त्री घेते. गणवेशातच उभी राहते. म्हटलं, हेच. हातात पेन दिलं, वही दिली, खिडकीजवळ नेलं. उत्तम फोटो. फक्त मनगटावर भाजल्याचा डाग आणि नखांत काळं. पोरीच्या जातीला बरं दिसत नाही. जरासं फिनिशिंग केलं. डाग काढला, नखं साफ, बोटं किंचित निमुळती. इस्त्रीवालीला दाखवला तर म्हणाली, छान आहे, कोणाचे हात?

इतकं साधलं होतं.

१३ फेब्रुवारी

नापास. परीक्षकांचा शेरा: 'या हातांनी आयुष्यात काही काम केलेलं वाटत नाही.'

बाईंना अजून कुडी आठवत असणार.

१५ फेब्रुवारी

धाकटीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. फोटो हवा.

तिला हवामान शिकायचंय. पाऊस का पडतो, वारा कुठून येतो, ते. पाच वर्षांचा कोर्स, राहणं-जेवण तिथेच, सगळं फुकट, पण आधी प्रवेशपरीक्षा. ती फक्त याच वर्षी बारावी होणाऱ्यांसाठी. एकदाच देता येते. थोरलीला जूनमध्ये बाळ होणार, तिची नोकरी आहे, तिला घरात हाताशी माणूस हवंय. तिचा फोन चालूच असतो. पण मी पुढारलेला बाप. धाकटीला सांगितलं, एक परीक्षा दे. मिळालं तर जा, मी अडवणार नाही. नाही मिळालं तर ताईकडे. मग बघू. ती बरं म्हणाली. बायकोनं भांडी जरा जोरात ठेवली.

फोटो काढला. स्वतः. पांढरा पडदा, दोन्ही लाइट.

पोर देखणी आहे, फक्त दिसत नाही. चष्म्याच्या काचेवर लाइटची चमक आली, म्हणून चष्माच काढून टाकला. तिच्या नाकावरून नव्हे, फोटोतून. खाली डोळे रंगवावे लागले. भुवई तोडून गेलेला व्रण आहे, लहानपणी माझ्याच स्टुलावरून पडली होती. तो बुजवला. कान थोडे आत. हनुवटी थोडी वर. रंग एक पायरी उजळ. बापाचं मन आहे, तीन तास बसलो.

१६ फेब्रुवारी

धाकटीला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाबा, ही मी नाही.

यापेक्षा मोठी पावती कोणती.

मग म्हणू लागली की साधाच काढा, चष्म्यासकट, नाहीतर मी समोर जाऊन काढून आणते, त्यांचा दोन मिनिटांत होतो. मी शांतपणे विचारलं, कोणाकडे. म्हणाली, समोर. मी जेवलो नाही. बायको म्हणाली, अहो, तिला हवा तसा काढू द्या की, परीक्षेला तिला बसायचंय, तुम्हाला नाही. मी म्हटलं, या घरातली मुलगी चादरीसमोर उभी राहणार नाही.

अर्ज मीच भरला. फोटो मीच चढवला. ताटावर बसलो तेव्हा सगळं गार झालं होतं, पण समाधान होतं.

२४ फेब्रुवारी

दुसरा विषय, वाट.

कन्याशाळेकडे जाणारी गल्ली. सकाळी. (उठलो. धाकटीनं हलवून उठवलं. म्हणाली, आज धुकं धरेल, तुम्हाला हवंय ना. धुकं खरंच होतं. योगायोग.) दप्तरवाली एक चुणचुणीत पोरगी गाठली. तिला सांगितलं, धावत जा. गेली. वेणी नीट उडाली नाही. परत बोलावलं. पुन्हा धाव. मग एक सायकल मध्ये आली. पुन्हा. मग धुकं विरळ झालं. पुन्हा. अखेर जमलं. मागून शाळेची घंटा ऐकू आली, तीही कानाला गोड लागली.

पोरगी गेटावर पोहोचली तेव्हा गेट बंद. रखवालदारानं उशिरा येणाऱ्यांत उभी केली. मी जाऊन समजावलं की ही मुलींच्या शिक्षणासाठीच थांबली होती. रखवालदार म्हणाला, काका, तुम्ही तिच्या बाजूला उभे राहा मग.

लोकांना मोठं चित्र दिसत नाही.

२ मार्च

नापास. अन्याय. फेरफार केल्याचा ठपका. फेरफार कसला? वर विजेच्या तारा होत्या त्या काढल्या, आणि कडेला एक माणूस थुंकत होता तो काढला. शहराची बदनामी नको. आता त्याची सावली रस्त्यावर राहिली, ही काय एवढी मोठी गोष्ट आहे. शेरा: 'सावलीचा मालक कुठे आहे?'

यापुढे सावल्यांकडे लक्ष.

८ मार्च

तिसरा विषय, अभ्यास. हा तर माझ्या घरातच आहे.

धाकटी स्टुडिओत मागे बसते अभ्यासाला. घरी टीव्ही, कुकर, थोरलीचे फोन. इथे पडद्यांच्या गुंडाळ्यांमागे टेबल टाकून दिलंय. गिऱ्हाईक आलं की ती आवाज न करता पान उलटते. किती वर्षं तसंच करते.

कल्पना सुचली ती अशी: ट्यूब बंद. टेबलावर कंदील. अंधारातून उजळलेला चेहरा, पुढे पुस्तक. जुन्या सामानातून कंदील काढून आणला, काच पुसली. ट्यूब घालवली तर आतून आवाज आला, बाबा, माझं गणित चाललंय. म्हटलं, पाच मिनिटं. तीन दिवस लागले, कारण कंदिलाची ज्योत स्थिर राहीना आणि ती खोकायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, आपल्याकडे लाइट आहे ना? मी म्हटलं, फोटोत नाही. म्हणाली, मग फोटोतली पास होईल.

विनोदी आहे पोरगी. माझ्यावर गेली.

१० मार्च

घरी स्वयंपाकघराच्या दाराशी होतो. बायको थोरलीशी फोनवर बोलत होती. स्पष्ट ऐकू आलं. यांच्या फोटोतली मुलगी शिकतेय गं, आपली तेवढी राहिली.

बघा. बायकोही आता कलेचं मोल जाणू लागली. तोंडावर सांगत नाही इतकंच.

१४ मार्च

नापास. 'ही मुलगी वाचत नसून पुस्तक धरून बसली आहे.' हे मात्र खोटं. ती वाचतच होती. मीच पुस्तक उभं धरायला लावलं, कव्हरवरचं नाव दिसावं म्हणून. उभ्या पुस्तकातही माणूस वाचू शकतो. मी प्रयत्न करून पाहिला. मान जरा दुखते.

पांढऱ्या बुटांच्या त्या पोराचे तिन्ही फोटो निवडले गेले आहेत. एक तर अक्षरशः रिकामा बाक आहे. बाक.

साखरेचा संकल्प सध्या बाजूला ठेवला आहे. मानसिक ताण.

१८ मार्च

धाकटीचं हॉल तिकीट आलं. त्यावर माझा फोटो. म्हणजे तिचा. इतक्या छोट्या चौकटीतही काय उठून दिसतोय. मोठा प्रिंट काढून दुकानाच्या काचेत लावला, वर दिवा. हे कौशल्य जगापुढे यायला हवं.

२० मार्च

काचेतल्या फोटोला तुफान प्रतिसाद. बहीण आली होती माझी. पोरीची सख्खी आत्या. काचेसमोर थांबून म्हणाली, गोड आहे रे, कोणाची मुलगी? मी मजा बघत राहिलो. धाकटी तिथेच उभी होती, आत्याच्या हातातली पिशवी घेत.

दुपारी झेरॉक्सवाला रस्ता ओलांडून आला. बऱ्याच महिन्यांनी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर काचेकडे बोट करून विचारलं, ही मुलगी कुठली, भाच्याला स्थळ बघतोय. मी म्हटलं, नीट बघा, रोज सकाळी तुम्हाला काका म्हणते. त्यानं नीट बघितलं. फोटोकडे, मग आत धाकटीकडे, मग माझ्याकडे. आणि रस्ता ओलांडून परत गेला.

हरला.

२१ मार्च

धाकटीचं एकच चाललंय. हॉल तिकिटावरचा फोटो बदलायचा. २५ तारखेपर्यंत दुरुस्ती करता येते म्हणे. आत्यानं ओळखलं नाही मला, बाबा, तिथले लोक कसे ओळखतील. मी म्हटलं, आत्याचा नंबर वाढलाय. पण पोरीचं मन मोडायचं नाही. कबूल केलं. चष्म्यासकट, व्रणासकट, तिला हवा तसा. उद्या नक्की.

२२ मार्च

उद्या. आज लग्नाच्या अल्बमची डिलिव्हरी होती.

२३ मार्च

काढला. तिच्या मनासारखा, साधा. फक्त चढवण्याआधी एकदा बघावं म्हणून उघडला. व्रण आहे तो राहू दे, पण कडा फार कठोर दिसतात. जरा सॉफ्ट करून उद्या पाठवतो.

२६ मार्च

मुदत काल संपली. शेवटच्या विषयाची तयारी चालू होती, कोणाच्या लक्षात राहणार. शिवाय वेबसाइट तशीही मंद चालत असणार शेवटच्या दिवशी, सगळे एकदम घुसतात. धाकटीला सांगितलं, पहिलाच फोटो चांगला आहे, घाबरू नकोस, मी येतो बरोबर. ज्यानं फोटो काढला तो माणूस शेजारी उभा असताना कोण काय म्हणणार.

ती पडद्यांमागे जाऊन बसली. पान उलटल्याचा आवाज आला नाही. माझे कान तिकडेच होते.

११ एप्रिल

उद्या परीक्षा. शेवटच्या विषयाचा फोटोही अजून बाकी आहे, दार. एका दगडात दोन कामं. उद्या केंद्रावर शेकडो मुली दारातून आत जातील. कॅमेरा चार्ज केला. धाकटीनं पेनं, हॉल तिकीट, शाळेचं ओळखपत्र, पाण्याची बाटली एका पारदर्शक पिशवीत भरली. बायकोनं तिच्या केसांना तेल लावून दिलं.  बायको एवढंच म्हणाली, तू फक्त आत जा, पुढचं तुला येतंच.

१२ एप्रिल

अलार्म वाजला. ऐकला. उठलो.

वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचलो. ऊन फार सुंदर होतं, डावीकडून येणारं. झेरॉक्सवाला पण होता, धाकट्या भाच्याला परीक्षेला घेऊन. नमस्कार केला मी. आज सगळं माफ.

दाराशी एक छोटं यंत्र. समोर उभं राहायचं, ते चेहरा बघतं, हॉल तिकिटावरचा फोटो बघतं, हिरवं होतं, आत. मुली पटापट जात होत्या. मी कॅमेरा लावून तयार.

धाकटी उभी राहिली. लाल.

चष्मा काढायला सांगितला. काढला. लाल. पुन्हा. लाल. केस मागे घ्या. लाल.

एक बाई आल्या, अधिकारी. हॉल तिकीट हातात घेऊन विचारलं, ही कोण. धाकटी म्हणाली, मी. बाई म्हणाल्या, तुझ्या जागी दुसरी बसवणार होतात की दुसरीच्या जागी तू आलीस, ते आधी सांगा. मी पुढे झालो. म्हटलं, मॅडम, मी वडील, आणि हा फोटो मीच काढलाय, स्वतःच्या स्टुडिओत. त्यांनी विचारलं, हिचा? धाकटीच्या भुवईला हात लावून दाखवलं, हे कुठे आहे यात. मी म्हटलं, ते मी बुजवलं. कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, फिनिशिंग.

दुसरं काही ओळखपत्र आहे का. धाकटीनं शाळेचं दिलं. मी घरून निघताना ग्रंथालयाचं घेतलं होतं, तेही दिलं. बसचा पास दिला. बाईंनी तिन्ही फोटो हॉल तिकिटाशेजारी ठेवले आणि जरा वेळ बघत बसल्या. मग हळू आवाजात, जवळजवळ प्रेमानं म्हणाल्या, अहो, या तर चार वेगवेगळ्या मुली आहेत.

सगळे माझ्याकडचेच. दर वर्षी नवीन काही शिकत गेलो मी. दर वर्षीचं फिनिशिंग वेगळं.

मी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तिचे फोटो दाखवायला लागलो. बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, यंत्रही नाही म्हणतंय, कागदही नाही म्हणतोय, मी काय सांगू. घंटा झाली. दार लावलं.

कॅमेरा गळ्यात होता. दाराचा फोटो राहिला.

धाकटी दाराकडे बघत उभी होती. आतून पर्यवेक्षकांचा आवाज येत होता, पेपर उलटे ठेवा, सांगितल्याशिवाय उघडू नका. मला ऐकू येत होता म्हणजे तिलाही येत असणार. मग ती म्हणाली, चला बाबा.

घरी आलो. बायकोनं पारदर्शक पिशवी धाकटीच्या हातातून घेतली आणि खुंटीला लावली.

१४ एप्रिल

यंत्र सदोष. तक्रार करणार. कडक शब्दांत. आजच लिहायला बसणार होतो, पण गिऱ्हाईक.

१५ एप्रिल

तक्रार पाठवली. पुरावा म्हणून काचेतला फोटो जोडला.

२१ एप्रिल

उत्तर आलं. 'सोबत जोडलेले छायाचित्र आणि उमेदवार यांत साम्य आढळत नाही.' तेच पुन्हा.

काचेतला फोटो काढला. दिवा बदलायचा होता, म्हणून.

२८ एप्रिल

टाउन हॉल, प्रदर्शन. नवा शर्ट. परीक्षकांशी ओळख ठेवावी लागते म्हणून गेलो, बाकी इच्छा नव्हती. धाकटी आली नाही. बायको आली.

पहिलं बक्षीस झेरॉक्सवाल्याला. मोबाइलवर काढलेला. 'दार.'

बंद लोखंडी दार. त्यासमोर एक मुलगी, पाठमोरी, तेल लावलेली वेणी, हातात पारदर्शक पिशवी. बाजूला एक जाड माणूस, गळ्यात कॅमेरा, तोंड उघडं. हललाय. फोकस नाही. वरून विजेची तार गेलीय, कोपऱ्यात कोणाची तरी चप्पल. काही म्हणता काही साफ केलेलं नाही. कच्चं काम.

माणसं येत होती, थांबत होती. आत्या आली आणि एका नजरेत म्हणाली, अरे, ही आपली धाकटी ना. पाठमोरी. चेहराही नाही. रखवालदारानं ओळखलं, इस्त्रीवालीनं ओळखलं. मुख्याध्यापिका बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं कुडीचा विषय काढतील. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी गणितात चांगली होती हो. होती म्हणाल्या.

झेरॉक्सवाला माझ्याजवळ यायला बघत होता. चेहरा असा की बक्षीस त्याला नाही, दंड झालाय. म्हणाला, मी भाच्याचा काढत होतो, हा मागून निघाला, पाठवावा की नाही कळत नव्हतं, तुमच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली पाठवा, काका. मी म्हटलं, अभिनंदन, फक्त तार काढायला हवी होती.

दात्यानं त्याच्या फोटोवर इस्त्रीवालीच्या मुलीचा खर्च उचललाय. बरं झालं. त्या पोरीचं मनगट मीच आधी हेरलं होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

बायको घरी परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला तर काहीच ऐकू आलं नाही, वाटभर.

१९ मे

धाकटी काउंटरला बसते. थोरलीकडे जायला अजून वेळ आहे तोवर. गिऱ्हाइकांचे फोटो काढते. जसा माणूस तसा फोटो. एका बाईनं तक्रार केली की मी इतकी म्हातारी कुठे आहे. धाकटी म्हणाली, काकू, आज नाही तर उद्या दारावर कोणीतरी हेच सांगणार.

धंद्याची समज नाही पोरीला. हळूहळू येईल.

सकाळी सहज म्हणाली, दुपारी वावटळ येईल, पाटी आत घ्या. घेतली नाही. दुपारी पाटी झेरॉक्सवाल्याच्या दारात सापडली.

६ जून

उद्या सकाळच्या गाडीनं ती जाणार. थोरलीला मुलगी झाली. फोन आला तेव्हा बायको रडली, कशासाठी ते सांगितलं नाही.

पाकिटात ठेवायला धाकटीचा एक फोटो हवा म्हणून कॉम्प्युटर उघडला. जन्मापासूनचे आहेत. एकूण एक. पण मूळ फोटो एकही नाही. जागा वाचावी म्हणून मी नेहमी फिनिशिंगवालाच त्यावर सेव्ह करतो, पहिला उडतो. धंद्यातली शिस्त. शोधत राहिलो. पाच वर्षांची, व्रण नाही. दहा वर्षांची, व्रण नाही. मला तर ती पडली तो दिवस आठवतो, स्टूल आठवतं, माझा शर्ट रक्तानं भरला होता ते आठवतं. एकाही फोटोत ती पडलेलीच नाही.

झेरॉक्सवाल्याकडचा आहे एक. पण त्यात ती पाठमोरी.

संध्याकाळ

धाकटीला म्हटलं, जाण्याआधी एक फोटो. बसली. पांढरा पडदा, एकच लाइट. चष्म्यासकट. काचेवर चमक आली, येऊ दिली. व्रण दिसतो. कान आहेत तिथे आहेत. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. मला कॅमेऱ्याआडून बराच वेळ बटण दाबवेना, डोळ्यात काहीतरी गेलं होतं, पडद्याची धूळ असते.

उठताना म्हणाली, बाबा, हा तसाच ठेवा.

म्हटलं, शब्द देतो. हात लावणार नाही.

ती घरी गेली, बॅग भरायला. मी दुकान बंद करण्याआधी फोटो उघडला. फार चांगला आलाय. तिच्यासारखी दिसते. आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो हाच, हे मी आज इथे लिहून ठेवतो, आणि शब्द म्हणजे शब्द.

फक्त डोळ्यांखाली काळं दिसतंय. एप्रिलपासूनचं असावं. प्रिंटमध्ये ते अजून गडद येईल. पाकिटात ठेवायचा आहे, रोज बघायचा आहे.

तेवढंच काढतो. बाकी काही नाही.